चार खिळ्यांवरची वेदी

"डावी बाजू आधी! आत्या, तू मधून हो बघू. पायावर आली तर आधी तुला उचलावं लागेल, मग वेदीला."

"मला उचलायला चौघं पुरणार नाहीत," आत्या म्हणाली, पण बाजूला झाली.

थोरलीचा आवाज रिकाम्या चर्चमध्ये घुमला आणि तिचा तिलाच आवडला. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत इथे घुमायचे ते बॅडमिंटनच्या बुटांचे आवाज. चाळीस वर्षं या हॉलने सगळ्यांचं सगळं सोसलं होतं. सोमवारी टेबल टेनिस, मंगळवारी शिवणवर्ग, मध्येच कधी रक्तदान, कधी परीक्षा, शनिवारी कुणाच्या तरी लग्नाचं जेवण, आणि हे सगळं आवरून, झाडून, खुर्च्या मांडून रविवारी मिस्सा, म्हणजे उपासना. वेदीच्या बरोबर वर बास्केटबॉलची कडी होती, तिला आत्या दर रविवारी कापड गुंडाळायची. भजनाचे आकडे स्कोअरबोर्डवर लागायचे, 'घरचे'खाली क्रमांक आणि 'पाहुणे'खाली पान. माणसं बसायची तीसुद्धा बॅडमिंटनच्या रेघा बघून. आता कडी गेली, स्कोअरबोर्ड गेला, जुनी जमीन उकरून नवी लाकडी जमीन आली, खिडक्यांना रंगीत काचा लागल्या, बाक कायमचे बसले. यापुढे इथे फक्त प्रार्थना होणार होती. मागच्या रविवारी लोकांना बघायला आत सोडलं, तर निम्मे दारातच घोटाळले, कारण आपण बसतो ती रेघ कुठे गेली तेच कुणाला कळेना.

"आता सावकाश खाली," थोरली म्हणाली. "खिळ्यावर म्हणजे खिळ्यावर."

हे वाक्य तिचं नव्हतं, बाबांचं होतं. वेदी बाबांनीच केलेली, काळपट जड लाकडाची, सहा फूट लांब. ती आठवडाभर कोठीत राहायची आणि रविवारी सकाळी सहा वाजता सगळं घर मिळून बुटक्या गाड्यावरून तिला चौथऱ्यावर आणायचं. चौथऱ्यात चार पितळी खिळे ठोकलेले होते. वेदीचे चार पाय त्या चार खिळ्यांवर यायचे. केसभर इकडेतिकडे झालं तर बाबा पुन्हा उचलायला लावायचे. बाबांची ही कडक शिस्त बघून लोकांनी त्या खिळ्यांना हळूहळू देवपण देऊन टाकलं. परीक्षेला जाणारी मुलं त्यांना हात लावून जायची. आत्या तर दर रविवारी बोटांचं चुंबन घेऊन चारही खिळ्यांना टेकवायची.

म्हणून जुनी जमीन उकरायच्या आधी थोरलीने त्या खिळ्यांची मापं भिंतीपासून दोनदोनदा घेतली होती आणि नव्या चौथऱ्यात तेच खिळे, त्याच जागी, तिने स्वतःच्या हाताने ठोकले होते. या सगळ्या कामात तिला कशाचा अभिमान असेल तर तो या चार खिळ्यांचा.

वेदी टेकली. घरच्या सुतारी कारखान्यातले दोघे कारागीर चहाला गेले. थोरलीने पुढे होऊन वेदीवर प्रेमाने तळहात ठेवला.

टक्.

तिने हात काढला. पुन्हा टक्. दाराकडचा एक पाय खिळ्यावरून उठला आणि बसला. शिवाय वेदीचं सगळं अंगच एका बाजूला कललं होतं. साध्या डोळ्यांनाही ते दिसत होतं.

"हं," पहिल्या बाकावरून मामा म्हणाले. "झालं का समाधान?"

मामा म्हणजे थोरलीच्या आईचे भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक आणि चर्चच्या समितीचे अध्यक्ष. नवी वेदी दगडाचीच हवी असा त्यांचा पहिल्यापासून हट्ट. थोरलीने सहा बैठका भांडून काढल्या होत्या. शेवटी फादरनी वरपर्यंत विचारून निकाल दिला होता, की लाकूड चालेल, पण वेदी जमिनीला कायमची जोडलेली हवी, हलता कामा नये. आज अकराला फादर समितीसह येणार. वेदी पसंत पडली तर त्यांच्यासमोर बोल्ट लागणार आणि पुढच्या रविवारी बिशप तेल लावून तिला पवित्र करणार. नाही पडली तर मामांचा पाथरवट तयारच होता, आणि बाबांची वेदी कायमची कोठीत जाणार होती, फुलदाण्या ठेवायला.

"बाबा, तुमची वेदी इथेच राहील," थोरलीने शब्द दिला होता. बाबांचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. तेव्हापासून त्यांनी कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी केलेल्या कपाटांना आणि दारांना लोकांनी रंग फासले, विकली, मोडली. ही एकच वस्तू जशीच्या तशी उरली होती, आणि ती बाबांच्या डोळ्यांदेखत अडगळीत जाणं थोरलीला सोसणार नव्हतं.

तिने वळून बघितलं. बाबा भिंतीकडेच्या बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ते वेदीकडे बघत नव्हते, रंगीत काचेकडे बघत होते.

"अजून सव्वा तास आहे, मामा," थोरली म्हणाली. "सव्वा तासात आम्ही अख्खं कपाट उभं करतो."

"कपाट भिंतीला टेकतं, पोरी. वेदी कशाला टेकवशील?"

"जमीन चुकली असणार," आत्याने निकाल दिला आणि भाच्याकडे बोट केलं. "चाळीस वर्षं वेदीने कधी हूं की चूं केलं नाही. ह्याची ती माप घ्यायची लाल दिव्याची मशीन आली आणि बिनसलं सगळं."

धाकटा चौथऱ्याच्या पायरीवर उभा होता. थोरलीचा हा एकुलता भाऊ इंजिनिअर, आणि नवी जमीन आणि चौथरा त्याने बसवलेला. सहा वर्षांपूर्वी तो कारखाना सोडून गेला तो दिवस घरात कुणीच विसरलं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर बाबा त्याला म्हणाले होते, "तुझ्या हातात मापच नाही." त्याने करवत खाली ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर बहीणभाऊ एकत्र काम करत होते ते थेट या जमिनीवर.

"जमीन बरोबर आहे," तो शांतपणे म्हणाला. "ताई, तू बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पाणसळीवर ठेव."

थोरलीने पाणसळ काढली. खरं सांगायचं तर जमीनच चुकलेली निघावी असं तिला मनातून वाटत होतं. जमीन तासता येते, बाबांची वेदी कशी तासणार? तिने पाणसळ खिळ्याखिळ्यांत आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरकी ठेवली. काचेतला बुडबुडा दर वेळी मधोमध येऊन बसला.

"जमीन बरोबर आहे," ती म्हणाली. आपल्या आवाजात कौतुक आहे की निराशा, तिचं तिलाच कळलं नाही. "धर इकडून. आडवी करू."

दोघांनी वेदी जुन्या गोधडीवर आडवी केली. कारखान्यात पॉलिश करताना ती लाकडी घोडीवर आडवीच चढवलेली होती, त्यामुळे पाय बघायची वेळच आली नव्हती. थोरलीने टेप लावला. एकदा, मग पुन्हा. चार पाय आणि चार मापं. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड पायात अर्ध्या इंचाचा फरक.

पण तिचं लक्ष मापापेक्षा कापावर गेलं. लांब पायाचं तोंड गुळगुळीत होतं, बाबांचं काम जसं असतं तसं. उरलेली तीन तोंडं मात्र खरखरीत, घाईत कापलेली, एका ठिकाणी करवत चक्क घसरलेली. असलं काम शिकाऊ पोराने केलं असतं तर बाबांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

तिने खिडकीकडे बघितलं. तिथे काचेच्या बरणीत टेबल टेनिसचे एकोणचाळीस चेंडू होते. जमीन उकरताना दाराजवळच्या कोपऱ्यात, भिंतीच्या पट्टीमागे सापडलेले. चेंडू हरवला की त्या कोपऱ्यात जाऊन बघायचं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हॉल होण्याआधी इथे दुधाचं गोदाम होतं, जमीन रोज धुतली जायची आणि पाणी त्याच कोपऱ्यातल्या मोरीकडे जायचं. चौथराही त्याच उतारावर बांधलेला. चेंडू चाळीस वर्षं ओरडून सांगत होते की जमीन उतरती आहे, आणि ऐकलं मात्र कुणीच नाही. नाही, एकाने ऐकलं होतं.

तिने भावाकडे बघितलं. त्याचं बोट त्या खरखरीत तोंडावर होतं आणि नजर बरणीवर. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

"काय निघालं?" मामांनी बाकावरून विचारलं.

थोरलीने टेप गुंडाळायला घेतला. तेवढ्यात धाकटा उठून उभा राहिला.

"चूक माझी आहे, मामा," तो म्हणाला. "चौथऱ्याखालचं माप माझ्याकडून चुकलं. वेदीत काही खोट नाही. दोन दिवस द्या, मी जमीन दुरुस्त करतो."

ज्या एका वाक्यापायी तो सहा वर्षं घरापासून दूर राहिला, तेच वाक्य आज तो सगळ्यांसमोर आपल्या हाताने अंगावर ओढून घेत होता.

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" आत्या म्हणाली.

"पण आत्ताच ही म्हणाली जमीन बरोबर आहे," मामा म्हणाले. मुख्याध्यापकांना खोटं बोलणारी पोरं आयुष्यभर पुरली होती. "नक्की कोण चुकतंय?"

"मी," बाबा म्हणाले.

ते बाकावरून उठले होते. हात आता मांड्यांखाली नव्हते, उघडे होते आणि थरथरत होते.

"पोराच्या डोक्यावर माझं खापर नको. त्याच्या मापात खोट नाही. जमीन आरशासारखी झाली आहे, मी सकाळीच पायाने बघितली. खोट माझ्या वेदीत आहे."

"काहीतरीच काय, दादा!" आत्या म्हणाली.

"ऐक गं. पहिल्या मिस्सेच्या आदल्या दिवशी आम्ही वेदी इथे आणली. कारखान्यात चारही पाय अगदी एका मापाचे होते. इथे ठेवली तर डुगडुगायला लागली, आणि तिरकी. दुपारी सगळे जेवायला गेलेले. हॉलमध्ये मी आणि ही." ही म्हणजे आई, तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. "ती म्हणाली, खाली ठोकळा द्या. मी म्हटलं, माझ्या वेदीखाली ठोकळा? लोक काय म्हणतील, सुताराच्या घरच्या देवाला टेकू? मग तिने वेदी धरली आणि मी पाय कापले. करवत बोथट, घाई झालेली, हात घामाने ओले. जमीन जशी होती तसे पाय केले. वेदी बसली छान, पण त्या एकाच जागी. वीतभर सरकवली की पुन्हा डुगडुग."

"आणि खिळे?" थोरलीने विचारलं.

"खिळे तिने ठोकले. खुणेला. मी तुम्हाला ओरडायचो ना, खिळ्यावर म्हणजे खिळ्यावर? ती भक्ती नव्हती. भीती होती."

आत्याचा हात नकळत ओठांकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"दादा," ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी खुणेचे खिळे चुंबतेय?"

"मी सांगणार होतो. ही म्हणाली, राहू द्या, त्या निमित्ताने नणंदबाई चार वेळा वाकतात तरी."

आत्याचा चेहरा आधी रागाने फुलला. मग कुठूनतरी, बहुधा भावजयीच्या आठवणीतून, तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. "मेली बेरकी! माझ्या तोंडावर कधी बोलली नाही," म्हणत तिने पदराने डोळे पुसले.

थोरली मात्र मामांकडे बघत होती. निर्णय त्यांच्या हातात होता. मामांचे डोळे बारीक झाले होते. ते खिडकीतल्या बरणीकडे बघत होते.

"दाजी," ते सावकाश म्हणाले, "टेबल टेनिसचं टेबल आपण दाराकडे तोंड करून लावायचो."

"हो."

"आणि मी कायम दाराकडच्या बाजूला."

"तुम्हाला वारा लागायचा म्हणून."

"म्हणजे अठरा वर्षं स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात तुमच्याविरुद्ध मी उतारावर खेळत होतो, आणि हे तुम्हाला माहीत होतं! माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत होतं!"

"मास्तर, तुम्ही तसेही हरला असता," बाबा म्हणाले.

मामांनी एवढा मोठा श्वास घेतला की थोरलीला वाटलं, गेली वेदी कोठीत. पण ते उठले, कोट काढला आणि बाकाच्या पाठीवर नीट घडी करून ठेवला.

"माझ्या बहिणीने हिचे पाय धरले होते म्हणता?"

"याच बाजूने."

"मग दगड राहू दे," मामा म्हणाले. "पण नियम तो नियम. फादर आल्यावर ही हलली, तर मीच हात वर करून नाही म्हणेन. किती वेळ लागेल, पोरी?"

"पाऊण तास," थोरली म्हणाली. अंदाज कसला, तिने ठरवूनच टाकलं.

"आखूड पायांना जोड देशील?" धाकट्याने विचारलं.

"जोड नाही," बाबा आणि थोरली एकदमच म्हणाले. "लांब पाय कापायचे."

"अर्धा इंच बुटकी होईल. फादर उंच आहेत, त्यांना वाकावं लागेल."

"वेदीपुढे वाकायला फादरना काय धाड भरलीय?" आत्या म्हणाली. आता ती पूर्णपणे वेदीच्या पक्षात आली होती.

वेदी पुन्हा उभी केली. आखूड पायांखाली पातळ पाचरी सारून सारून थोरलीने वरचा पृष्ठभाग पाणसळीत आणला. आता पुढचं काम सोपं आणि जोखमीचं. एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरायची, ठोकळा जमिनीवरून फिरवायचा आणि सर्वांत आखूड सोडून प्रत्येक पायाला चारही अंगांनी एकाच उंचीची रेघ मारायची. रेघ चुकली तर पुन्हा कापायला लाकूड उरणार नाही. तिने कानामागची पेन्सिल काढली. ही रेघ ती डोळे मिटूनही मारू शकली असती, आणि तशी मारायला तिचे हात शिवशिवत होते.

तिने पेन्सिल बाबांपुढे धरली.

"माझे हात बघ," बाबा म्हणाले.

"हात थरथरतो. ठोकळा जमिनीवर टेकलेला असतो, तो कशाला थरथरेल? आणि जमीन तुमच्या मुलाने केली आहे."

बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आत्याच्या खांद्याचा आधार घेत, जमिनीवर बसले. त्यांनी ठोकळ्यावर पेन्सिल ठेवली आणि वरून दोन्ही तळव्यांनी दाबली. हात हलत होते, कोपरं हलत होती. ठोकळा सरकत गेला आणि काळ्या लाकडावर एक बारीक, सरळ रेघ उमटत गेली. बाबा एका पायावरून दुसऱ्याकडे बसल्या बसल्या सरकले. दोन वर्षांत थोरलीने त्यांना इतका वेळ हातांकडे बघताना पाहिलं नव्हतं.

वेदी आडवी झाली. थोरलीने करवत उचलली आणि पहिला पाय कापला, रेघेला चिकटून, एका दमात.

"पुढचा त्याला दे," बाबा म्हणाले.

क्षणभर थोरलीला ते टोचलं. दोन वर्षं कारखाना तिने एकटीने ओढला होता. मग तिने भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि करवत मुठीकडून पुढे केली.

"माझ्या हातात माप नाही ना?" धाकटा म्हणाला. तो हसायला बघत होता, पण जमत नव्हतं.

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

"त्या दिवशी मला राग आला होता, आणि मी खोटं बोललो," बाबा म्हणाले. "रेघेच्या बाहेरून काप. रेघ राहिली पाहिजे."

धाकट्याने सुरुवात जरा चाचरत केली, पण दोन ओढींतच हाताला जुनी चाल सापडली. दुसरा पाय झाला. तिसराही त्यानेच कापला. लाकडाच्या तीन पातळ चकत्या गोधडीवर पडल्या. आत्याने त्या गुपचूप उचलून पिशवीत टाकल्या. चुंबायला आता तिला हक्काचं काहीतरी हवं होतं.

वेदी उभी केली. थोरलीने तळहात ठेवला, मग सगळं वजन टाकलं. आवाज नाही. चारही कोपरे तिने दाबून बघितले.

"चाळीस वर्षं हिला कुठेही नेता येत होतं, पण उभी राहायची एकाच जागी," बाबा म्हणाले. "आज कुठेही ठेवा, उभी राहील. आणि आजच तुम्ही हिला बोल्ट मारताय."

"मारू नको?" थोरलीने विचारलं.

"मार की. आता हौसेने मार."

मामांनी बरणीतून एक चेंडू काढला, आत्या "अहो, वेदीवर!" म्हणेपर्यंत तो वेदीच्या मधोमध ठेवला आणि बोटं उचलली.

दार वाजलं. फादर समितीच्या चार माणसांना घेऊन आत आले, लांब ढांगा टाकत चौथऱ्यावर चढले आणि थांबले. गुडघ्यांवर भुसा लागलेला म्हातारा, हातात करवत असलेला इंजिनिअर, कोट काढलेले अध्यक्ष, आणि वेदीवर टेबल टेनिसचा चेंडू.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तपासणी," मामा म्हणाले. "हलवून बघा, फादर. जोरात. माझी ना नाही."

फादरनी बाह्या सरसावल्या, दोन्ही हातांनी वेदीची कड धरली, आधी आपल्याकडे ओढली, मग ढकलली, मग पाय रोवून पूर्ण वजन टाकलं.

चेंडू जागचा हलला नाही.

फादरनी हात काढले आणि मान डोलावली. थोरलीने बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीवरच बसलेले होते, पेन्सिल कानामागे खोचलेली.

"पाना आण," ते धाकट्याला म्हणाले.